ऐकणारे अंतःकरण

सुमारे आठ महिने मी एकच प्रार्थना करीत होते. नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत यावे की येऊ नये, हे देवाने मला स्पष्ट सांगावे, एवढेच माझे मागणे होते. पहाटे उठून गुडघे टेकत होते, उपवास करीत होते, आणि शास्त्रवाचनात एखादे वचन मनाला भिडले की त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून समासात तारीख लिहीत होते. त्या भक्तीत खोटे काही नव्हते. परंतु आज त्याच तारखा पुन्हा चाळताना एक गोष्ट लपत नाही. ज्या वचनांतून ‘जा’ असा अर्थ निघू शकत होता, तेवढ्याच वचनांखाली रेघा आहेत. ‘थांब’ म्हणणारी वचनेही मी वाचली असणारच, कारण एकही अध्याय मी गाळत नव्हते. पण तेथे पेन्सिल उचलली गेली नाही. निर्णय माझा मीच घेऊन ठेवला होता आणि त्यावर देवाची सही तेवढी मागत होते.

शेवटी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, मधे एकदाही तोडले नाही, आणि माझे बोलणे संपल्यावर पाचारणाविषयी, म्हणजे देवाच्या बोलावण्याविषयी, एक शब्दही न काढता म्हणाले, “ताई, मंडळीतल्या आजींची दृष्टी आता जवळजवळ गेली आहे. आयुष्यभर रोज शास्त्र वाचत आल्या, आता वाचता येत नाही. दर गुरुवारी संध्याकाळी तासभर त्यांना वाचून दाखवाल का? बाकीचे आपण नंतर बोलू.”

मला ते लागले. कित्येक वर्षे मी बायबल अभ्यासवर्ग घेत आले होते. आयुष्याची दिशा विचारायला गेले आणि हाती आले ते आठवड्यातून एका तासाचे काम. संकोचापोटी हो म्हटले, आणि घरी पोहोचेपर्यंत त्या होकारातून सुटायची वाक्ये मनात तयार करीत राहिले. ती वाक्ये मी कधी उच्चारली नाहीत, आणि आजही मी ती देवाची कृपाच मानते.

आजींचे पवित्र शास्त्र जाडजूड आहे. त्याचा कणा दोनदा उसवून काळ्या दोऱ्याने शिवलेला आहे. मी वाचत असताना त्या आपला तळहात डावीकडच्या पानावर पसरून ठेवतात. स्तोत्रे कोठे सुरू होतात, हे त्यांना पानांच्या थराच्या जाडीवरूनच कळते. पहिल्या गुरुवारी मी मनाशी पाच अध्यायांचा बेत करून गेले होते. आजींनी पंचविसावे स्तोत्र वाचायला सांगितले आणि ते संपल्यावर मान वरही न करता म्हणाल्या, “पुन्हा.” दुसऱ्यांदा वाचले. “पुन्हा.” तिसऱ्या वाचनाच्या मध्यावर त्यांनी मला थांबवले. “बाळ, तू ही ओळ वाचतेस तेव्हा तुझं मन पुढच्या ओळीवर गेलेलं असतं. ऐकू येतं ते.”

त्या दिवशी पाचऐवजी एकच स्तोत्र झाले. परंतु ते स्तोत्र मी इतकी वर्षे वाचत असूनही मला दिसले नव्हते, असे म्हणावे लागेल. मूळ हिब्रूत ते वर्णमालेच्या क्रमाने रचलेले असून त्याची वचने 22 आहेत. चौथ्या आणि पाचव्या वचनांत दावीद आपला मार्ग दाखवण्याची विनंती देवाला करतो, आणि ज्याला मार्ग निवडायचा आहे त्याला देव शिकवील, हे आश्वासन बाराव्या वचनात येते. मधल्या ओळींत काय आहे? सातव्या वचनात तरुणपणाच्या पापांची आठवण ठेवू नकोस अशी विनवणी आहे, नवव्यात देव दीनांना आपला मार्ग शिकवतो असे म्हटले आहे, आणि अकराव्यात माझा अपराध मोठा आहे, त्याची क्षमा कर, असे मागणे आहे. प्रश्न आणि आश्वासन यांच्यामध्ये पापकबुली आहे. मी प्रश्न विचारून थेट उत्तराकडे धावत होते आणि मधली वचने नुसती ओलांडत होते. आपला अपराध मोठा आहे हे ज्याने अजून मान्य केलेले नाही, त्याला आपल्या इच्छा आणि देवाची इच्छा यांतला फरक कळणार तरी कसा?

नम्रता हा शब्द आपण फार सहज वापरतो, म्हणून येथे थोडे थांबावेसे वाटते. मत्तयाच्या अकराव्या अध्यायात प्रभू येशू स्वतःविषयी सांगतो की, मी मनाचा सौम्य व लीन आहे. आपले जू घ्यायला आणि आपल्यापासून शिकायला तो बोलावतो, आणि त्यासाठी आपल्या सामर्थ्याचा दाखला न देता आपली लीनता पुढे करतो. ज्या ग्रीक शब्दासाठी मराठीत ‘लीन’ आला आहे, तो त्या काळच्या ग्रीक-रोमन जगात बहुधा हलक्या दर्जाच्या, गुलामी वृत्तीच्या माणसासाठी वापरत. तो गौरवाचा शब्द नव्हता. ख्रिस्ताने तोच शब्द स्वतःकडे घेतला. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल तर पुढे जाऊन लिहितो की, त्याने स्वतःला रिक्त केले आणि वधस्तंभावरचे मरण सोसण्याइतका तो आज्ञाधारक झाला. मराठीत ‘लीन’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे मिसळून गेलेला, तल्लीन झालेला. मला हा योगायोग फार मोलाचा वाटतो. आपण किती क्षुद्र आहोत याचा हिशेब मांडत बसणारा माणूसही शेवटी स्वतःचाच विचार करीत असतो. लीन माणसाचे लक्ष दुसऱ्या कोणाकडे लागलेले असते, म्हणून तर त्याला ऐकू येते.

पाचव्या की सहाव्या गुरुवारी दुसऱ्या राजांच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय आला. अरामाचा सेनापती नामान याची ही कथा सर्वांना ठाऊक आहे, आणि मी ती अभ्यासवर्गात अनेकदा शिकवली होती. त्वचारोगाने ग्रासलेला हा पराक्रमी पुरुष, इस्राएलातला संदेष्टा बरे करील असे घरातल्या एका दासी मुलीने सांगितल्यावरून, 10 किक्कार चांदी, 6000 शेकेल सोने (किक्कार आणि शेकेल ही त्या काळची वजने) आणि 10 पोशाख बरोबर घेऊन इस्राएलात येतो. राजाचे पत्र त्याच्याजवळ असते, रथ आणि घोडे असतात. अलीशा संदेष्टा मात्र दारापर्यंतही येत नाही. यार्देन नदीत सात वेळा स्नान कर, एवढाच निरोप तो आत बसून धाडतो. नामान संतापतो. तो म्हणतो, मला वाटले होते की तो बाहेर येईल, उभा राहून आपल्या देवाचे नाव घेईल, हात फिरवील. आमच्या दिमिष्काच्या नद्या काय वाईट आहेत? हे वाचताना माझा आवाज अडखळला. पाळकसाहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना मी मनात जे म्हणत होते, ते जवळजवळ शब्दशः हेच होते.

अध्याय संपला आणि आजींनी विचारले, “त्या मुलीचं नाव काय लिहिलंय?”

मी पान पाहिले. “नाव दिलेलं नाही, आजी.”

“तिच्या मालकिणीचं?”

“तेही नाही.”

“आणि रागावलेल्या नामानाला ज्यांनी समजावलं, त्या चाकरांचं?”

“नाही.”

“वाच पुढं,” त्या म्हणाल्या. एवढेच बोलल्या.

त्या रात्री मला झोप आली नाही. नामानाची नम्रता म्हटली की प्रवचनात आपण त्याला यार्देनच्या पाण्यात उतरलेला दाखवतो. मला आता वाटते की त्याची पहिली बुडी त्याच्या स्वतःच्या घरातच झाली होती. ती मुलगी कोण होती? त्याच्याच सैन्याच्या टोळ्यांनी इस्राएलातून पकडून आणलेली, त्याच्या बायकोची दासी. ज्या माणसामुळे तिचे घर सुटले, त्याचे बरे व्हावे असे तिला वाटले, ही एक थोर गोष्ट. आणि सेनापतीने त्या बंदिवान पोरीचा शब्द खरा मानून तो राजाच्या कानावर घातला, ही दुसरी. पुढे नदीकाठीही त्याला वाचवले ते चाकरांनीच. संदेष्ट्याने काही अवघड सांगितले असते तर आपण केले नसते काय, मग स्नान करून शुद्ध हो एवढे साधे सांगणे का करू नये, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. नामानापर्यंत देवाचा मार्ग पोहोचला तो ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत अशा माणसांच्या तोंडून. अशा तोंडांकडे मी आठ महिने कानही दिला नव्हता.

मंडळीच्या इतिहासातही हे पुन्हा पुन्हा दिसते. इ. स. 386 मध्ये मिलान शहरातील एका बागेत ऑगस्टीन रडत बसलेला असताना शेजारच्या घरातून एका लहान मुलाचा आवाज त्याच्या कानी आला: ‘उचल, वाच.’ तो आवाज मुलाचा होता की मुलीचा, हे आपल्याला ठाऊक नाही, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे. त्याने पौलाचे लेखन उचलले, रोमकरांस पत्रातील तेरावा अध्याय समोर आला आणि त्याचे जीवन बदलले. त्या काळी वक्तृत्वशास्त्राचा नावाजलेला शिक्षक असलेला हा माणूस एका पोराच्या आवाजावर उठला. पुढे बिशप झाल्यावर, तात्त्विक प्रश्नांची मोळी घेऊन आलेल्या डायस्कोरस नावाच्या तरुणाला त्याने पत्रात लिहिले की, सत्याकडे जाणाऱ्या वाटेवर पहिली गोष्ट नम्रता, दुसरी नम्रता आणि तिसरीही नम्रताच. तू पुन्हा विचारशील तेव्हा मी हेच सांगेन. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिचा पहिलाच शब्द ‘ऐक’ हा आहे. महत्त्वाच्या कामी मठाधिपतीने सर्व बंधूंना बोलावून त्यांचा सल्ला घ्यावा, कारण जे अधिक चांगले ते प्रभू अनेकदा लहानाला प्रकट करतो, असे तिच्या तिसऱ्या प्रकरणात सांगितले आहे. निर्णय शेवटी मठाधिपतीनेच घ्यायचा असतो, परंतु सर्वांत लहानाचे ऐकल्यावाचून तो घ्यायचा नाही.

आजींना स्वतःला शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय फार प्रिय आहे. मंदिरात निजलेल्या लहान शमुवेलाला देव हाक मारतो आणि तो तीनदा धावत याजक एलीकडे जातो. हाक कोणाची आहे हे त्या पोराला कळत नाही. ते ओळखतो तो एली, ज्याचे डोळे मंदावले आहेत आणि ज्याचे घर देवाच्या नजरेतून उतरले आहे. ‘बोल, तुझा दास ऐकत आहे,’ हे वाक्य त्याला शिकवतो तोही एलीच. सकाळी कळते की तो संदेश एलीच्याच घराण्यावरचा न्याय होता. म्हातारा एली मुलाकडून तो एकही शब्द न लपवता वदवून घेतो आणि म्हणतो की तो परमेश्वर आहे, त्याला बरे दिसेल ते तो करो. एलीच्या चुका मोठ्या होत्या, त्यांवर शास्त्र पांघरूण घालत नाही. तरीही आपल्याविरुद्धचे वचन एका पोराच्या तोंडून मागून घेणाऱ्या त्या अंध होत चाललेल्या याजकाचे दृश्य मला अतिशय हलवते. मार्गदर्शन मागताना आपल्याविरुद्ध जाणारे उत्तर ऐकायची तयारी आपण ठेवतो काय?

येथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे, कारण नम्रतेच्या नावाखाली पुष्कळ भोळ्या माणसांची मने मोडली गेली आहेत. ‘देवाने मला तुझ्यासाठी असे सांगितले आहे’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकापुढे मान तुकवणे म्हणजे ख्रिस्ती नम्रता नव्हे. योहानाच्या पहिल्या पत्रात, प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, ते आत्मे देवापासून आहेत की नाहीत याची परीक्षा करा, असे सांगितले आहे. बिरुया येथील लोकांनी पौलाचे वचन मोठ्या उत्सुकतेने स्वीकारले आणि त्याच वेळी या गोष्टी अशाच आहेत काय हे ते दररोज शास्त्रात शोधून पाहत राहिले. प्रेषितांच्या कृत्यांत त्यांना या चौकशीबद्दल दोष दिलेला नाही, उलट थोर मनाचे म्हटले आहे. जो तपासू देत नाही, प्रश्न विचारला की अविश्वासाचा ठपका ठेवतो, त्याच्या मार्गदर्शनापासून दूर राहावे. पाळकसाहेबांनी मला आजींकडे पाठवले तेव्हा त्यांनी देवाचे नाव घेऊन माझ्यावर दडपण आणले नव्हते; त्यांनी एक काम सुचवले होते आणि नाही म्हणायला मी पूर्ण मोकळी होते.

स्वतःचे मन तपासण्यासाठी मला जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची शिकवण फार उपयोगी पडली. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला, आणि अंथरुणावरच्या त्या दीर्घ काळात कोणते विचार आले की मन नंतर कोरडे पडते आणि कोणते विचार आले की आनंद टिकून राहतो, याकडे ते लक्ष देऊ लागले. त्यातून पुढे त्यांनी जे नियम लिहिले, त्यांतला एक असा आहे की, मन कोरडे, अंधारलेले आणि देवापासून दूर गेल्यासारखे असताना आधी घेतलेला निश्चय बदलू नये. मी माझ्या तारखा नोकरीतल्या त्या त्या दिवसांशी ताडून पाहिल्या. नोकरी सोडण्याची ओढ ज्या दिवशी सर्वांत तीव्र होती, त्या बहुतेक दिवशी कामाच्या ठिकाणी माझा कोणीतरी अपमान केला होता किंवा माझे म्हणणे डावलले गेले होते. पाचारणाचा आवाज समजून मी ज्याच्यामागे जात होते, त्यात दुखावलेल्या मानाचा आवाज किती होता, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसले.

मग विश्वासाचे काय? कारण निव्वळ आत्मपरीक्षणाने माणूस जागच्या जागी गोठून जाऊ शकतो. प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय मला या बाबतीत धीर देतो. पौल आणि त्याचे सोबती आशिया प्रांतात वचन सांगू पाहतात, पवित्र आत्मा त्यांना मना करतो. बिथुनियाकडे वळतात, तेही दार बंद होते. हे लोक थांबून राहिले नाहीत, चालत राहिले, आणि त्रोवस येथे पोहोचल्यावर मासेदोनियाचा मनुष्य पौलाला दृष्टांतात दिसला. त्यानंतरचे वाक्य महत्त्वाचे आहे. दृष्टांत एकट्या पौलाला झाला, पण देवाने तिकडे बोलावले आहे असे अनुमान ‘आम्ही’ केले, असे तेथे लिहिले आहे. त्या पुस्तकात निवेदकाचा ‘आम्ही’ याच ठिकाणी प्रथम येतो. आणि देवाच्या इच्छेने जाऊन त्यांना मिळाले काय? नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या काही स्त्रिया मिळाल्या, त्यांतल्याच लुदियेचे घर मिळाले, आणि पुढे फटके व फिलिप्पै येथील तुरुंग. वाट सोपी झाली म्हणजे ती देवाची आणि अवघड झाली म्हणजे आपण चुकलो, हा हिशेब येथे टिकत नाही. गेथशेमाने बागेत तर प्रत्यक्ष पुत्राने, येशूने, एकच विनंती तीन वेळा केली, दुःखाचा प्याला टळला नाही, आणि ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे’ असे म्हणून तो उठला.

इतका विश्वास माझ्यात नाही. मार्काच्या नवव्या अध्यायातील त्या आजारी मुलाच्या बापाइतका आहे, ज्याने ओरडून सांगितले की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. प्रभूने त्याला विश्वास पुरता जमवून मग ये असे म्हणून परत पाठवले नाही, त्याच क्षणी त्याच्या मुलाला बरे केले, आणि या गोष्टीला मी धरून आहे.

शलमोनाने गिबोन येथे काय मागितले, हे अलीकडे मी नव्याने वाचले. मी लहान मूल आहे, कसे वागावे हे मला कळत नाही, असे राजा झालेला माणूस म्हणतो, आणि पुढे जे मागतो त्यासाठी अनेक भाषांतरांत विवेक, समज अशा अर्थाचे शब्द येतात. मूळ हिब्रू शब्द आहेत ‘लेव शोमेया’, म्हणजे शब्दशः ऐकणारे अंतःकरण. पुढच्या प्रत्येक निवाड्याची उत्तरे त्याने आधीच मागून घेतली नाहीत. ऐकू येईल असे मन त्याने मागितले. मी आता माझ्या पहाटेच्या प्रार्थनेत तेच मागते.

नोकरी मी सोडली नाही. त्यासाठी आकाशातून आवाज आला नाही की एखादे वचन अचानक उजळून उठले नाही. घरातल्यांशी, पाळकसाहेबांशी आणि मला चांगले ओळखणाऱ्या एका मैत्रिणीशी बोलले, त्यांनी जे सांगितले ते मधे न तोडता ऐकले, आणि मन शांत असलेल्या एका सकाळी ठरवले की सध्या आहे तेथेच राहायचे. पुढे कधी बोलावणे आले तर जाईन. हे पाळकसाहेबांना सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि विचारले, “गुरुवार चालू आहे ना?”

चालू आहे. माझा वेग पुष्कळ कमी झाला आहे, तरी आजी अजून अधूनमधून “पुन्हा” म्हणतातच. येत्या गुरुवारी एकशे एकतिसावे स्तोत्र वाचायचे आहे. त्यात गर्व सोडलेले मन आईजवळ शांत पडलेल्या, दूध तुटलेल्या बाळासारखे आहे असे म्हटले आहे. वचने तीनच आहेत. आजींनी त्यासाठी पूर्ण तास राखून ठेवायला सांगितले आहे.